डाव येणं वेगळं, डाव शिकवता येणं वेगळं

गेल्या काही वर्षांत मला एक नाद लागलाय. कुस्ती, ज्यूदो, जिउ-जित्सू असं काहीतरी वीस-तीस वर्षं करत आलेलं माणूस भेटलं की प्रॅक्टिस संपल्यावर त्याच्या शेजारी जाऊन बसायचं आणि त्याला बोलतं करायचं. ही माणसं आधी फारशी बोलत नाहीत. कान चुरगळून घट्ट झालेले, बोटांना टेप गुंडाळलेली, विचारलेल्या प्रश्नाला हो-नाही एवढंच उत्तर. पण विषय शिकवण्याकडे वळला की मग थांबत नाहीत. स्वतःच्या जिंकलेल्या लढती पाच मिनिटांत उरकतात आणि शिष्यांबद्दल दोन-दोन तास बोलतात.

एका वयस्कर ज्यूदो शिक्षकांना मी विचारलं होतं, सर, तुमचा सगळ्यात चांगला शिष्य कोण? मला वाटलं मेडलवाल्या कुणाचं तरी नाव येईल. तर ते जी मुलं मधेच सोडून गेली त्यांची नावं घ्यायला लागले. एक, दोन, तीन करत सातव्या नावावर थांबले आणि म्हणाले, अगं, ह्यातली चार माझ्यामुळे गेली, तेव्हा मला शिकवता येत नव्हतं, मला फक्त पाडता येत होतं.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आपण आज शिकवायला कोण योग्य हे ठरवतो कशावरून? पट्टा कोणता, मेडल किती, कुणाला हरवलं, कुणाचा शिष्य, ह्यावरून. म्हणजे हा माणूस पाडतो किती चांगलं एवढंच आपण बघतो. आणि मग त्याच्या हातात आठ-दहा वर्षांची पोरं देतो. माझं म्हणणं सरळ आहे, शिकवणं ही वेगळी विद्या आहे, ती वेगळी तपासली पाहिजे, आणि लहान मुलांना पकडीचे खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाला ही तपासणी सक्तीची पाहिजे, मग तो जगज्जेता का असेना.

आता लगेच कुणीतरी म्हणेल की परंपरेत असं नव्हतं, गुरू म्हणाला ते ऐकायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, घाम गाळायचा. म्हणून मी थेट परंपरेतलीच गोष्ट सांगते. जिगोरो कानो, ज्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा सुरू करून ज्यूदो उभा केला, ते स्वतः विद्यार्थी असताना फुकुदा हाचिनोसुके ह्यांच्याकडे तेनजिन शिन्यो-र्यू, म्हणजे जिउ-जित्सूची एक जुनी परंपरा, शिकायला जात. एकदा कानोंनी विचारलं की हा डाव नक्की कसा होतो, हात कुठे, पाय कुठे. गुरूंनी त्यांना उचलून आपटलं. कानो उठले, परत तेच विचारलं, परत आपटलं. असं काही वेळा झाल्यावर गुरू म्हणाले की विचारून काही कळत नसतं, जितक्या वेळा करशील तितकं कळेल. ही आठवण कानोंनीच पुढे सांगितलीय, आणि बरेच लोक ती कौतुकाने सांगतात की बघा, असे गुरू होते. मला त्यातलं पुढचं महत्त्वाचं वाटतं. फुकुदांवर कानोंचा राग नव्हता, आदरच होता, पण स्वतः शिकवायला लागल्यावर त्यांनी काय केलं ते बघा. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाचा सराव, आणि रांदोरी, म्हणजे खरा प्रतिकार करणाऱ्या जोडीदाराबरोबर मोकळी झटापट, ह्या दोन्हीच्या जोडीला त्यांनी आणखी दोन गोष्टी शिक्षणात घातल्या. एक कोगी, म्हणजे व्याख्यान. आणि दुसरी मोंदो, म्हणजे प्रश्नोत्तरं. ज्या मुलाला प्रश्नाचं उत्तर म्हणून जमिनीवर आपटलं गेलं त्याने मोठं झाल्यावर प्रश्न विचारणं अभ्यासक्रमातच बसवलं. आणि हा माणूस काही फक्त ज्यूदोवाला नव्हता, पेशाने शिक्षक, शिक्षक तयार करणाऱ्या टोकियोच्या मोठ्या संस्थेचा बरीच वर्षं प्रमुख. पाडायचं कसं आणि शिकवायचं कसं हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे त्यांना पहिल्यापासून दिसत होतं.

कानोंचीच दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. कितो-र्यू ह्या जिउ-जित्सूच्या दुसऱ्या परंपरेचे त्यांचे गुरू ईकुबो त्सुनेतोशी. पन्नाशीतला माणूस, तरी कानोंना सहज फेकायचा. साधारण १८८५ च्या सुमाराला एक दिवस उलटंच झालं, कानो गुरूंना फेकत राहिले आणि गुरूंना काही केल्या त्यांना फेकता येईना. ईकुबोंनी विचारलं, काय केलंस तू? कानोंनी सांगितलं की मी समोरच्याचा तोल आधी मोडतो, त्याने खेचलं की कुठे झुकतो आणि ढकललं की कुठे झुकतो हे ओळखतो, आणि फेकतो मग. ज्याला ज्यूदोत कुझुशी म्हणतात ते हेच. ईकुबोंनी मान्य केलं की बरोबर आहे, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही, आणि लवकरच त्यांना परंपरेची पुस्तकं आणि हस्तलिखितं सोपवली. विचार करा, दोन माणसं, वयाचं आणि मानाचं केवढं अंतर, आणि मोठ्याने धाकट्याला विचारलं की तू काय केलंस. ज्यूदोचा गाभा ज्याला म्हणतात तो एका गुरूने शिष्याला विचारलेल्या प्रश्नातून पक्का झाला. प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा असं मानणारा गुरू असता तर हे बोलणं झालंच नसतं.

मी ज्या जाणत्या लोकांशी बोलले त्यातले जे खरोखर चांगले वस्ताद वाटले त्या सगळ्यांत हे एक सारखं होतं. ते विचारतात. मी पकडल्यावर तुला कुठे जड वाटलं? तू हात का सोडलास? श्वास कधी धरलास? एक कुस्तीचे वस्ताद हौदाच्या काठावर बसून पठ्ठ्यांच्या जोडी लावायचे, तर मी विचारलं की तुम्ही कोणाची कोणाशी जोड लावायची हे कसं ठरवता, वजनावरून का? ते म्हणाले वजन बघतो पण आधी बघतो की काल हरलेला कोण आहे, काल हरलेल्याला आज पुन्हा भारी जोड दिली तर तो परवा येणार नाही, आणि रोज जिंकणाऱ्याला हलकी जोड दिली तर तो शिकायचं थांबेल. ही विद्या कुठल्या पट्ट्यात मोजली जाते? कुठल्याच नाही. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, एकेरी पट हे सगळं मोजता येतं, निकाल लागतो, समोरचा चितपट होतो. जोड कशी लावावी ह्याचा निकाल दहा वर्षांनी लागतो आणि तेव्हा बघायला कुणी नसतं.

आता मी ज्या गोष्टीमुळे एवढ्या तावातावाने लिहितेय ती. जपानमध्ये, म्हणजे ज्यूदोच्या घरी, शाळांमधल्या ज्यूदोत १९८३ पासूनच्या साधारण तीस वर्षांत शंभराहून जास्त मुलं दगावली. शंभराहून जास्त. हा आकडा नागोया विद्यापीठातले संशोधक र्यो उचिदा ह्यांनी शाळेच्या अपघातांच्या नोंदींमधून पुढे आणला. आणि ह्यातली बरीचशी नवशिकी होती, पहिल्या वर्षाची, ज्यांना नीट पडता येत नव्हतं अशी, मोठ्या अनुभवी माणसाने ओसोतो-गारीसारख्या डावाने, म्हणजे आपल्याकडच्या बाहेरच्या टांगेच्या जातीच्या डावाने, मागे आपटलेली. ह्यात एक समजून घ्यायला हवं की डोकं जमिनीवर आदळलंच पाहिजे असं नाही. मागे जोरात पडताना डोकं झटक्याने फिरलं की कवटीच्या आत मेंदू मागे राहतो, मेंदूवरून कवटीकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात आणि आत रक्त साठत जातं. मूल उठतं, जरा डोकं दुखतंय म्हणतं, आणि तिथे जर असा शिक्षक असेल की ज्याला डोकं दुखणं म्हणजे कच्चेपणा वाटतो, तर तो म्हणतो चल परत उभा रहा. पहिल्या माराने आधीच बिघडलेल्या डोक्याला दुसरा झटका बसला की तो जीव घेऊ शकतो. डोकं दुखतंय असं मूल सांगू शकलं का आणि सांगितल्यावर शिक्षक थांबला का, एवढ्यावर सगळं अवलंबून असतं.

ह्यात वाईट हेतूचे लोक किती असतील मला माहीत नाही, फार नसतील असं मला वाटतं. हे शिक्षक ज्यूदोत चांगले होते. त्यांना पाडता येत होतं.

फ्रान्सने १९५५ मध्येच कायदा करून ज्यूदो शिकवणाऱ्याला सरकारी डिप्लोमा सक्तीचा केला. नुसता ब्लॅक बेल्ट असून चालत नाही. आज तिथे नोंदणीकृत ज्यूदोपटू पाच लाखांच्या आसपास आहेत, जपानपेक्षा किती तरी जास्त, त्यात लहान मुलंच जास्त, आणि जपानसारखी मृत्यूंची मालिका तिथे दिसली नाही. खेळ तोच, डाव तेच, शरीरं तीच. फरक फक्त डिप्लोम्यामुळे पडला असं मी म्हणणार नाही, तिथे मुलांना शिकवण्याची पद्धतच खेळकर आहे, शाळेतली वरिष्ठ-कनिष्ठ दहशत नाही, अशी बरीच कारणं आहेत, पण शिकवणं वेगळं शिकावं लागतं हे मान्य केल्याशिवाय पद्धत तरी कुठून बदलणार? जपानमध्ये सुद्धा पालकांनी २०१० मध्ये एकत्र येऊन संघटना काढली, डॉक्टर बोलायला लागले, संशोधकांनी आकडे मांडले, आणि त्यानंतर सूचना बदलल्या, शिक्षकांना डोक्याच्या माराबद्दल शिकवायला सुरुवात झाली. २०१२ ते २०१४ ह्या तीन वर्षांत शालेय ज्यूदोत एकही मृत्यू झाला नाही. २०१५ मध्ये पुन्हा एक मुलगी गेली, परत तोच डाव. लक्ष ठेवलं की थांबतं आणि ढिलं सोडलं की परत येतं, इतकं ते सरळ आहे.

आणि हे फक्त लहान मुलांचं नाही. २०१३ च्या सुरुवातीला जपानच्या राष्ट्रीय महिला ज्यूदो संघातल्या १५ जणींनी केलेली तक्रार बाहेर आली, कोचकडून मारहाण, छळ. मुख्य कोचला पद सोडावं लागलं. तो स्वतः जगज्जेता होता. त्याची पात्रता कागदावर बघितली तर कुणीही त्यालाच निवडलं असतं.

माझा गुडघा असाच गेला म्हणून मला हे जास्त लागतं. मी विशीत होते, एका ठिकाणी ग्रॅपलिंग, म्हणजे पकडीची झटापट, शिकायला जायचे, शिकवणारा स्पर्धेत खरंच भारी होता. त्याने हील हूक दाखवायला मला घेतलं. हील हूकमध्ये टाच पकडून पाय आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला पिरगळतात, जोर सगळा गुडघ्यावर येतो, आणि हाताच्या लॉकमध्ये जसं आधी दुखतं मग मोडतं तसं इथे होत नाही, दुखायला लागेपर्यंत आतला लिगामेंट गेलेला असतो. म्हणून तर आयबीजेजेएफ ह्या जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये हा डाव कित्येक वर्षं बंदच होता आणि २०२१ पासून सुद्धा फक्त नो-गीमध्ये, म्हणजे जाड जॅकेट न घालता खेळतात त्या प्रकारात, मोठ्यांना, ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टलाच आहे. मला हे काहीच माहीत नव्हतं. दुखलं की हार मानल्याची खूण म्हणून हाताने थाप मारायची एवढंच माहीत होतं, मी दुखायची वाट बघत बसले. त्याला माहीत होतं, त्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की सांगायचं सुचलंच नाही. आणि मी विचारलं नाही, कारण तिथे विचारायची पद्धतच नव्हती, जो विचारायचा त्याला पुढच्या डावाला पुढे बोलावलं जायचं.

आता विरोधातलं म्हणणं, आणि ते मला मनापासून पटतं तिथपर्यंत सांगते. एक जुने कॅच रेसलिंगवाले, म्हणजे इंग्लंडकडच्या जुन्या पकडीच्या कुस्तीतले, मला म्हणाले, सर्टिफिकेट आणलंस की संपलं सगळं, विगनमध्ये बिली रायलीकडे कुठलं सर्टिफिकेट होतं? खरंय. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कोळसा खाणींच्या भागात रायलींची ती साधी, जुनाट जागा, जिला पुढे स्नेक पिट म्हणायला लागले, तिथून बिली जॉइस झाले, बिली रॉबिन्सन झाले, कार्ल गॉच तिथे शिकून पुढे जपानला गेले आणि तिकडच्या पिढीला कॅच शिकवलं. तिथे कुणी परीक्षा घेत नव्हतं. आपल्याकडचे जुने वस्ताद पण कुठला कोर्स करून बसले नव्हते. त्यांचं म्हणणं असं की कागद आला की कागद जमवणारे येतात, ज्यांनी आयुष्यात कधी मार खाल्ला नाही असे लोक पाठ करून पास होतात, आणि चाळीस वर्षं हौदात घातलेला माणूस फॉर्म भरता आला नाही म्हणून बाहेर राहतो.

ही भीती खोटी नाही. पण जुन्या ठिकाणी तपासणी नव्हती असं नाही, ती माणसांमध्ये होती. एकाच गावातले लोक, वस्ताद कसा आहे हे रोज सगळ्यांना दिसायचं, पठ्ठे त्याच्याच डोळ्यांसमोर वाढायचे, एखाद्याचं काही वाकडं झालं तर त्याच्या बापाच्या समोर वस्तादाला उद्या उभं राहायचं असायचं. आज शिकवणारा आठवड्यातून दोन तास येतो, व्हिडिओवर डाव दाखवतो, मुलाचं आडनाव सुद्धा त्याला माहीत नसतं, त्याची नजर पुढच्या स्पर्धेवर. गावाची नजर गेली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. म्हणून मला कागद हवाय, पण तो पाठांतराचा नको. ज्याला शिकवायचंय त्याला एका दिवशी दहा अनोळखी नवशिक्या मुलांसमोर उभं करा आणि जुने तीन-चार वस्ताद आणि एक डॉक्टर बाजूला बसून बघू देत. पडायला कसं शिकवतो. दमलेलं मूल त्याला ओळखता येतं का. झटापट कधी थांबवतो. डोक्याला लागल्यावर काय करतो. आणि मुलं त्याला प्रश्न विचारतात का, ते तर सगळ्यात आधी. फॉर्म कुणीतरी भरून देईल, चाळीस वर्षं हौदात घातलेला माणूस ह्यात नापास होणार नाही, झाला तर मात्र त्याने लहान मुलांना शिकवू नये असंच मी म्हणेन, कितीही मोठा असला तरी.

पट्ट्यावर किती विसंबायचं ह्याबद्दल एक नाव मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. केइको फुकुदा. वर ज्या फुकुदांची गोष्ट सांगितली, प्रश्नाला आपटून उत्तर देणारे, त्यांची ही नात. कानोंनी तिला स्वतः बोलावलं, १९३५ मध्ये ती शिकायला लागली, पुढे अमेरिकेत जाऊन आयुष्यभर शिकवत राहिली. बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पाचव्या पायरीच्या, वर बढती द्यायचीच नाही अशी पद्धत होती म्हणून ती वर्षानुवर्षं पाचव्या दानवर अडकली होती, शेवटी १९७२ मध्ये सहावा मिळाला. कोदोकानकडून नववा दान २००६ मध्ये, नव्वदी उलटल्यावर. दहावा अमेरिकेच्या संघटनेने २०११ मध्ये दिला आणि २०१३ मध्ये ९९ व्या वर्षी ती गेली. ज्या वर्षांत पट्टा अडकला होता त्या वर्षांत तिचं शिकवणं कमी दर्जाचं होतं का? दान माणसं देतात आणि माणसांच्या नजरेत जे बसतं त्यालाच देतात, त्यात शिकवणं मोजलं जात असेलच असं धरून चालू नये.

आणि एक, शिष्याने दुसऱ्याकडे जाणं म्हणजे गद्दारी ही जी समजूत आहे ती तर काढूनच टाकली पाहिजे. खाशाबा जाधव मातीतले पैलवान, १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅटची सवय नाही, तिकडचे नियम अंगात नाहीत. तिथे त्यांना अमेरिकेचे रीस गार्डनर ह्यांनी शिकवलं. खाशाबा सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला ब्राँझ घेतलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. मातीशी बेइमानी केली असं कुणी म्हणेल का त्यांना? मी ज्यांच्याशी बोलले त्यातले दोघं तर आपल्या चांगल्या पोरांना मुद्दाम दुसरीकडे पाठवतात, महिनाभर, आणि परत आल्यावर विचारतात, तिकडे काय वेगळं सांगितलं, मला दाखव.

कायदा यायला वेळ लागेल, संघटनांना जाग यायला त्याहून जास्त. तोपर्यंत पालकांच्या हातात एक गोष्ट आहे. मुलाला कुठेही घालायच्या आधी एक तास तिथे जाऊन बसा. सगळ्यात चांगल्या पोराकडे बघू नका, ते कुठेही चांगलंच दिसणार. सगळ्यात कच्चं, घाबरलेलं, वजनाने हलकं जे पोर असेल त्याच्याकडे बघत रहा, शिक्षक त्याच्याजवळ किती वेळा जातो, त्याची जोड कुणाशी लावतो, ते थाप मारतं तेव्हा पकड लगेच सुटते की जरा उशिरा, डोळ्यात पाणी आलं तर काय होतं, आणि त्या तासाभरात ते एकदा तरी काही विचारतं का. बसू देत नसतील तर तिथून उठा आणि मुलाला घेऊन घरी या.